बेळगावहून स्वित्झर्लंड: मे सोडा, दसऱ्याची सुट्टी धरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी लागते आणि स्वित्झर्लंडचा बेतही त्यातच बसवला जातो. तिथल्या डोंगरांचा नेमका तोच अधलामधला काळ. बर्फावरचे खेळ संपलेले, उन्हाळा सुरू व्हायचा; बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद, उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक डोंगरगाड्या आणि तलावातल्या बोटी चालू असतात, गर्दी ओसरलेली असते. एकच तोटा: लाउटरब्रुनेन गावचा श्टाउबबाख धबधबा जवळपास 300 मीटरवरून पडतो, पण बर्फ वितळून गेल्यावर त्याची धार बारीक होते. गोकाकसारखा घोंघाट ऐकायची आशा ठेवू नये.

ऑक्टोबरला जायचं तर व्हिसाचं काम जूनमध्ये काढावं. शेंगेन म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा; त्याचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. 15 दिवसांच्या आत आलेला चालत नाही. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने चालणारा आणि 2 पानं कोरी. ज्या देशात रात्री जास्त त्याच देशाकडे अर्ज जातो. पॅरिसच्या चार आणि स्वित्झर्लंडच्या तीन रात्री दाखवून स्विस व्हिसा मागितला की कागद परत येतात. बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरू किंवा मुंबई, दोन्ही बेळगावहून साधारण 500 किलोमीटर, तेव्हा ज्या शहरात आधी तारीख मिळेल ते धरावं.

आपल्याकडे अर्ज अडतो तो कागदांवर. शेतीचा उतारा, पंचायतीचा दाखला कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. पतसंस्थेच्या हाताने भरलेल्या पासबुकावर विसंबू नये. बँकेचं शिक्का मारलेलं निदान 3 महिन्यांचं स्टेटमेंट द्यावं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दोन-तीन लाख आले की ते कुठून आले हे विचारलं जातं. विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा घोळ फार होतो.

मार्ग आठ दिवसांचा: लुझर्नला 3 रात्री, लाउटरब्रुनेनला 4. रोज हॉटेल बदलणाऱ्या टूरपेक्षा हे कधीही बरं. 8 दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास ओळीने मोजला जातो, मधला दिवस सोडता येत नाही. त्यात रेल्वे, बस, बोटी येतात. पासावर रिगी डोंगराची सफर पूर्ण फुकट: लुझर्नहून बोटीने फित्सनाउ, तिथून 1871 ची दातेरी रेल्वे, उतरताना आर्थ-गोल्डाउकडून. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला मात्र पास असूनही 25 टक्केच सूट. त्याचं तिकीट आधी काढू नये; सकाळी वेबकॅम बघावा आणि ढग असतील तर म्युरेन या डोंगरावरच्या गावाला जावं, तिथवर पास चालतो. युंगफ्राउयोख 3,454 मीटरवर आहे, हवा विरळ. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

लुझर्नहून इंटरलाकेनला जाताना उजव्या खिडकीला बसावं. मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते, लोक घाबरून जागा बदलतात. बदलू नये. आधीचे झार्नेन आणि लुंगर्नचे तलाव उजवीकडे आणि ब्रिएन्झचा त्याच खिडकीत येतो. पुढे इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युटशिनेनला तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचावी. बॅगा एका डब्यात आणि माणसं दुसऱ्यात, असं करू नये.

शिदोरीत कुंदा नको. दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून न्यायला बंदी आहे, ताजी फळं-भाज्याही नकोत. भाजणी, पोहे, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्यावी, कारण रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. पाणी नळाचंच प्यावं. चलन फ्रँक. कार्डाच्या मशीनने रुपये की फ्रँक विचारलं तर फ्रँकच दाबावं, रुपयांचा दर महाग पडतो. चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग बसते, आपली जाड तीन पिनांची नाही.

सांब्रा (बेळगावचा विमानतळ) ते मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर मुंबईत आदल्या दिवशीच पोहोचावं. हे विमान उशिरा आलं आणि झुरिकचं चुकलं, तर दुसरी कंपनी पैसे देत नाही. परतताना बॅगा मुंबईत उतरवून, कस्टम पार करून पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये निदान पाच तास ठेवावेत.