अपग्रेड करताना भीती वाटत नाही का?

हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम रोज वापरते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बीटा (म्हणजे अजून चाचणीतली) सिस्टीम, अपग्रेड करताना भीती वाटत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सिस्टीमची वाटत नाही, होम फोल्डरची वाटते.

बीओएस (BeOS) या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या धर्तीवर २००१ मध्ये सुरू झालेलं हे काम सप्टेंबर २०२४ मध्ये पाचव्या बीटापर्यंत आलं. घाई कुणालाच नाही! पण मागे फिरायची सोय चोख आहे. हायकूत पॅकेजं (प्रोग्राम आणि सिस्टीमचे भाग ज्यात बांधून येतात ती) उलगडून डिस्कवर पसरत नाहीत, ती बंद फाइल म्हणूनच राहतात आणि बूट होताना जोडली जातात. अपडेटनंतर जुनी पॅकेजं तारीख-वेळेच्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात. नवं काही अडलं, तर मशीन सुरू होताना शिफ्ट (यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बूट फर्मवेअर असेल तर स्पेस) दाबून बूट मेनू आणायचा आणि जुनी स्टेट, म्हणजे त्या फोल्डरातला जुना पॅकेज-संच, निवडायची. सिस्टीम अपडेटच्या आधी होती तशी उठते.

होम फोल्डर मात्र मागे जात नाही. नव्या आवृत्तीने बदललेल्या सेटिंग्ज जुन्या प्रोग्रामला झेपतीलच असं नाही. म्हणून आधी होम फोल्डरातल्या 'कॉन्फिग'मधल्या 'सेटिंग्ज'ची प्रत काढते. इथे एक खोच आहे. हायकूत एखाद्याचा पत्ता-फोन साठवला, की फाइल शून्य बाइटची असते. नाव, नंबर सगळं तिला चिकटलेल्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे फाइलसोबत वेगळ्या ठेवलेल्या नोंदींमध्ये. फॅट३२ या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये अ‍ॅट्रिब्यूट राहत नाहीत, त्यामुळे ती तिथे टाकलीत की हाती नुसतं रिकामं टरफल. हायकूतच झिप करून मग न्या, अ‍ॅट्रिब्यूट टिकतात.

एका बीटावरून दुसऱ्या बीटावर जाताना हायकू (मूळ सिस्टीम) आणि हायकूपोर्ट्स (इतर प्रोग्राम), या पॅकेजं जिथून येतात त्या दोन्ही रिपॉझिटरी नव्या बीटाच्या करायच्या, मग टर्मिनलमध्ये 'पीकेजीमॅन फुल-सिंक' (pkgman full-sync). ही कमांड गरज पडली तर पॅकेजं काढूनही टाकते, म्हणून 'वाय' दाबण्याआधी यादी वाचा. अगदी कंटाळा आला तरी वाचा.

स्क्रीन काळी पडली तर त्याच बूट मेनूत फेल-सेफ व्हिडिओ मोड आहे. नाइटली बिल्डची (रोज तयार होणाऱ्या कच्च्या आवृत्तीची) हौस असेल तर वेगळं पार्टिशन किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या. आणि हायकू अजून एकाच वापरकर्त्याची सिस्टीम आहे: जो प्रोग्राम चालवाल त्याला सगळ्या फाइली उघड्या. त्यामुळे बँकेची कामं मी त्यावर करत नाही.