तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा नाचामुळेच गेला का?

होय, तोच प्रश्न. मी फुटबॉल खेळते आणि लावणीही करते, आणि एका मॅचमध्ये माझा गुडघा गेला. मॅच संपल्यावर, कार्यक्रम संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर बँकेत केवायसी करताना काउंटरवरच्या मॅडमनी पण विचारलं, "तुमचा गुडघा लावणीमुळं गेला म्हणे?" आतापर्यंत मी एकच उत्तर देत आले, "नाही", आणि विषय बंद. आज जरा लांबचं उत्तर देते, एकदा वाचा आणि नंतर परत विचारू नका प्लीज.

आधी माझी बाजू. माझी तुटली ती एसीएल, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी गुडघ्याच्या आतली दोरी. फुटबॉल खेळणाऱ्या बायकांमध्ये ती पुरुषांच्या दुपटीहून जास्त तुटते, आणि पुष्कळदा कुणी धक्का न मारताच, पळता पळता वळताना नाहीतर उडी मारून उतरताना. २०२२ च्या बायकांच्या युरो कपच्या तोंडावर स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासची तुटली, बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस घेतलेली बाई ती. त्याच्या पुढच्या सीझनला इंग्लंडच्या एकट्या आर्सेनल क्लबच्या चौघींची तुटली: मीड, मिडेमा, विल्यमसन, वीनरॉयटर. मग २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सॅम करची. ह्यातली एकही नऊवारी नेसून जत्रेत नाचत नव्हती. कोल्हापुरात पेठेतल्या पोरानं मॅचच्या आदल्या रात्री मिरवणुकीत ढोल बडवला तर नाद खुळा, आणि आम्ही घुंगरू बांधले की थेरं.

हे सगळं खरं आहे. ह्याच्या जोरावर मी दोन वर्षं सगळ्यांची तोंडं बंद केली.

आता त्या दिवसाचं सांगते. शनिवारी रात्री एका गावच्या जत्रेत सुपारी होती. साऊंड दहाला बंद करायचा नियम, पण आवरून, चेहरा धुऊन, हिशोब होऊन टेम्पो ट्रॅव्हलर निघायलाच साडेबारा झाले, वाटेत एकदा टायर बसला, घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. रविवारी सकाळी नऊला प्री-सीझनची मॅच. आमच्याकडे मॅचआधी एक फॉर्म भरायचा असतो, झोप किती, अंग किती दुखतंय, थकवा दहापैकी किती. मी झोप आठ तास लिहिली. फिजिओ ताईंनी तोंडाकडं बघून परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "झोपलो की ओ मस्त." (आमच्याकडं पोरी 'झोपलो'च म्हणतात, त्यावरून पण मुंबईच्या पोरी हसतात, असो.)

वॉर्मअप मी अर्धाच केला. एका पायावर उतरायचे, गुडघा आत न पडू देता वळायचे जे कंटाळवाणे प्रकार असतात ना, ते करायच्या वेळी मी बुटाची लेस बांधत बसले. मुद्दाम. पाय जड झाले होते.

सेकंड हाफला डोक्यावरून लांब बॉल आला. मी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूची डिफेंडर, मागं वळले, उजवा पाय टर्फमध्ये रुतल्यासारखा तिथंच राहिला आणि बाकीची मी फिरले. वाळकी शेंग फोडावी तसा आवाज आला. तो आमच्या गोलकीपरला पण ऐकू गेला, ती नंतर मला म्हणाली. जवळ कुणी नव्हतं, म्हणजे फाऊल कुणाला मागायचा तेही नाही.

बाहेर आणून बूट काढला, मोजा काढला, आणि बर्फ घेऊन आलेला पोरगा ओरडलाच, "रक्त येतंय!" रक्त नव्हतं. आळता होता. रात्री घाईत चेहरा धुतला होता, पाय तसेच. घोट्याच्या वर घुंगरांच्या पट्ट्याचा वळही होता, चांगला दोन बोटं रुंद. ताईंनी आधी पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

कोचना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही. सीझनचा करार पुढं झाला नाही एवढं लिहिते.

तर, नाचामुळं गेला का? मला माहीत नाही. नाचाऐवजी लग्नाला जाऊन तेवढंच झोपले असते तरी गेला असता का? आदल्या रात्री दहा तास झोपले असते तरी गेला असता का? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं एकच कारण काढता येत नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते सगळीकडं वापरलं. पण त्यांना मी फॉर्मचं सांगितलंच नव्हतं.

दुसरं एक थापेबाजीचं कबूल करते. मी पूर्वी एका मुलाखतीत म्हटलं होतं की लावणीमुळं माझा फुटबॉलचा फूटवर्क सुधारला. काहीही. लावणीत पाय सपाट आपटायचा, जमिनीला सांगायचं की मी इथं आहे. फुटबॉलमध्ये चवड्यावर राहायचं, कुठं जाणार ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. एक पाय दुसऱ्याचं शिकलेलं मोडतोच. पण पत्रकाराला छान वाटलं, छापून आलं, आईनं कात्रण ठेवलंय.

आणि मी पैशासाठी नाचते असं सांगते, हेही अर्धंच खरं. देशातल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान १० भारतीय पोरींना वर्षाला निदान ३.२० लाख द्यायचे असं भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये ठरवलं, म्हणजे महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. आम्ही त्या लीगच्या खालचे. ऑपरेशनचे पैसे कार्यक्रमांतूनच उभे राहिले, उरलेले आमच्या ग्रुपच्या मावशींनी दिले आणि अजून मागितलेले नाहीत. पण मला आवडतं म्हणून मी नाचते. हे सांगायला का लाज वाटते कोण जाणे.

ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू एवढा वाळला की पाय माझा वाटेना. नऊ महिन्यांच्या आत परत उतरायचं नाही अशी सक्त ताकीद. तेव्हा मावशींनी बैठकीची लावणी शिकवली. बसून गायची, हात, मान, डोळे, एवढ्यात सगळं. ह्या लावणीसाठी गाजलेल्या यमुनाबाई वाईकरांचं नाव तोपर्यंत मी नुसतं ऐकलं होतं. पाय सरळ ठेवून मांडी आवळायचा व्यायाम मी ढोलकीच्या आठ मात्रांवर करायची, चार आवळून, चार सोडून. ढोलकीवाले काका वाजवायचे आणि हसायचे.

आता परत खेळते. फॉर्म खरा भरते, बहुतेक वेळा.

परवा मावशींचा फोन आला, शनिवारची सुपारी आहे. रविवारी मॅच. म्हटलं, बसून गायचं असेल तर येते. त्या म्हणाल्या, "जत्रेतली माणसं बसलेलीला बघत न्हाईत गं." मी म्हटलं, बघते. अजून कळवलेलं नाही.