शिंक आली की हात तिथंच

आज चहा पिताना बाबांना शिंक आली आणि कप खाली ठेवायच्या आधी त्यांचा हात उजव्या जांघेवर गेला. हर्नियाच्या ऑपरेशनला ४ महिने झालेत.

"दुखतंय का?"
"नाही रे, सवय लागलीय."

आत हर्नियाची कमकुवत जागा झाकायला ती स्वतःच धरून बसणारी जाळी आहे, टाके न घालता बसवतात ती. डॉक्टरांनी सांगितलेलं की तिला एका बाजूनं बारीक हुक असतात, ते हळूहळू विरघळतात आणि जाळी तेवढी कायमची राहते. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे पॅंटला कुसळं चिकटतात तशी!" डॉक्टरपण हसले.

मला वाटलेलं टाकेच नाहीत तर दुखणं पण नाही, पण नंतर वाचलं तर ऑपरेशनची काही मिनिटं वाचतात हे खरं, बाकी वर्षभरानं मागं राहणारं दुखणं म्हणा किंवा हर्निया परत येणं म्हणा, टाकेवाल्या जाळीइतकंच. थोडा हिरमुसलोच.

बाबांचं बरं चाललंय तसं, जिना चढतात, फक्त पाण्याची बादली दिसली की माझ्याकडे बघतात 😄

तुमच्याकडे कुणाचं झालंय का? शिंकताना हात जायचा कधी थांबला?