स्टोरी विसरले, छत्री लक्षात राहिली

मला पिक्चरची स्टोरी सांगता येत नाही. म्हणजे खरंच येत नाही. परवा बहिणीने विचारलं, 'बायसिकल थीव्हज' बघितलायस ना, काय आहे गं त्यात, तर मी म्हटलं एका माणसाची सायकल चोरीला जाते, तो आणि त्याचा मुलगा दिवसभर शोधत फिरतात, आणि हो, तो मुलगा घरातून निघता निघता खिडकी लावतो. ती म्हणे कुठली खिडकी?

मग सांगत बसले. बापाला काम मिळालंय, पहिला दिवस, पहाटेची गडबड. ब्रुनो, म्हणजे तो मुलगा, सायकल पुसतोय आणि पुसता पुसता कुरकुरतोय की गहाण ठेवली होती तिथे बघा कसा पोचा पाडलाय. दोघं निघतात, आणि हा मध्येच थबकतो, पलंगावर तान्हं बाळ झोपलंय, त्याच्या डोळ्यावर उजेड येतोय म्हणून खिडकीची झडप ओढून घेतो आणि पळतो. संपलं. काही सेकंदांचं काम. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हे दिसलंच नव्हतं कारण मी सायकल कधी चोरीला जातेय याची वाट बघत बसलेले. १९४८ चा पिक्चर, सगळ्यांना त्याचा शेवट आठवतो, गर्दीत तो बापाचा हात धरतो तो. मलाही तिथे रडू येतं, पण हा हात धरणारा मुलगा आहे हे त्या खिडकीपाशीच कळलेलं असतं ना.

'पथेर पांचाली'चंही माझं तसंच. लोक ट्रेनचा सीन सांगतात, आणि त्यासोबत तो किस्साही, की सत्यजित राय अर्धा सीन शूट करून आले आणि पुढच्या आठवड्यात परत गेले तर त्या सीनमधली काशाची फुलं (उंच गवताचे पांढरे तुरे) गुरांनी खाऊन टाकलेली, मग पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. भारीच आहे तो सीन, वाद नाही. पण माझ्या डोक्यात अडकलीय ती छत्री. दुर्गा, छोट्या अपूची दीदी, गेलीय, पावसात भिजून ताप आला आणि गेली, बाप अजून परगावी, त्याला पत्ताच नाही. आई नुसती बसून. अपू स्वतःच दात घासतो, स्वतःच भांग पाडतो (सुरुवातीला त्याला शाळेसाठी आवरून द्यायला आई आणि दीदी दोघी असतात), हातात बाटली घेऊन बाहेर पडतो, वर आभाळाकडे बघतो, परत आत जातो आणि छत्री घेऊन येतो. कोणी त्याला सांगत नाही छत्री ने म्हणून. सांगणारं कोणी उरलेलंच नाहीये. मी तिथे पॉज केला होता आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही.

जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'लेट स्प्रिंग'मध्ये शेवटी मुलीचं लग्न लावून बाप रिकाम्या घरी येतो, खुर्चीत बसून सफरचंद सोलतो, लांबच लांब साल निघत जाते, हात थांबतो, मान खाली जाते. बस. यावर मी अजून काही लिहिणार नाही.

आता हल्ली कोणी असा सीन केला की लगेच स्लो मोशन, लगेच व्हायोलिन, कॅमेरा त्या वस्तूच्या जवळ जवळ जवळ. अरे कळलं रे बाबा! मला सापडू दे की काहीतरी. 'कोर्ट' हा मराठी पिक्चर बघताना म्हणून मजा आली. कोर्टरूम रिकामी होते, दिवे एकेक करत बंद होतात, पडदा काळा, मी सीटखाली चप्पल शोधायला लागले आणि पिक्चर पुढे चालूच, जजसाहेब सुट्टीवर! शेवटी ते बाकावर डुलकी काढतायत आणि पोरं ओरडून त्यांना उठवतात, तर एकाला थोबाडीत बसते, आणि साहेब परत डुलकी घ्यायला मोकळे. चैतन्य ताम्हाणेने ते इतकं लांबून, इतकं गप्प राहून दाखवलंय की हसावं की घाबरावं कळेना.

आणि काही गोष्टी तर दिग्दर्शकाने ठेवलेल्याच नसतात, त्या मला जास्तच प्रिय. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये कॅफेटेरियात हिरॉइन पिस्तूल काढते. मागच्या टेबलावर एक छोटा मुलगा बसलाय, निळा शर्ट. गोळी सुटायच्या आधीच त्याची बोटं कानात! बिचाऱ्याने बहुतेक आधीच्या टेकला आवाज ऐकला असणार. आता तो सीन लागला की हिरो कॅरी ग्रांटला गोळी लागो न लागो, मी त्याच्याकडे बघतच नाही, घरात जो कोणी असेल त्याला हाक मारून म्हणते मागे बघ, मागे, निळा शर्ट, आत्ता, आत्ता!