न दिसणाऱ्या पिस्तुलाला नकार

टेक्सासमध्ये आम्ही नवरा-बायको गेली नऊ वर्षे किराणा मालाचे एक लहानसे दुकान चालवत आहोत. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमचे एक जुने गिऱ्हाईक खालच्या फळीवरची तांदळाची पिशवी उचलायला वाकले, त्यांचे जॅकेट वर सरकले आणि पट्ट्याला लावलेले पिस्तूल मला दिसले. हे गृहस्थ दर शनिवारी येतात, माझ्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि पिशव्या गाडीपर्यंत नेताना पुढच्या माणसासाठी दार धरून उभे राहतात. त्यांनी काहीही गैर केले नव्हते आणि इथल्या कायद्याप्रमाणे ते पूर्णपणे आपल्या हक्कात होते. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे चार वर्षे येत आहेत, म्हणजे हे पिस्तूलही बहुधा चार वर्षे माझ्या दुकानात येत-जात आहे आणि मला त्याचा पत्ता नाही.

रात्री गल्ला मोजताना मी हे पत्नीला सांगितले. “तू त्यांना काही बोललास का?” तिने विचारले. मी काही बोललो नव्हतो. काय बोलावे, हेच मला सुचले नव्हते. “मग दारावर पाटी लावू या,” ती म्हणाली. पाटी लावणे हे दहा मिनिटांचे काम असेल, अशी माझी तेव्हा समजूत होती.

टेक्सासच्या दंडसंहितेत परवानाधारकाने पिस्तूल लपवून दुसऱ्याच्या जागेत आणण्याबद्दल कलम ३०.०६ आहे. या कलमाखाली आपल्या शब्दांत काहीही लिहून चालत नाही. “येथे शस्त्र आणू नये” हे साधे वाक्य किंवा पिस्तुलाच्या चित्रावरची लाल फुली परवानाधारकावर बंधनकारक ठरत नाही. कायद्याने ठरवून दिलेला मजकूर शब्दशः, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगात आणि सर्वांना सहज दिसेल अशा जागी लावावा लागतो. हे झाले केवळ लपवलेल्या पिस्तुलापुरते. २०१६ च्या १ जानेवारीपासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा मिळाली, त्यासाठी कलम ३०.०७ ची वेगळी पाटी आली. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या बहुतेक लोकांना परवान्याशिवायच पिस्तूल बाळगता येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी कलम ३०.०५ चा तिसरा मजकूर ठरला. म्हणजे “माझ्या दुकानात पिस्तूल नको” एवढे एक वाक्य म्हणायला मला तीन मजकूर दोन-दोन भाषांत लावणे भाग आहे. आमच्या दुकानाच्या काचेवर भाज्यांचे भाव आणि सणांच्या मिठाईच्या जाहिराती असतात. त्या सगळ्या काढल्याशिवाय एवढी अक्षरे तिथे बसत नाहीत, हे मी मोजपट्टी लावून पाहिले आहे. धूम्रपान करू नका, कुत्रा आत आणू नका, अनवाणी येऊ नका, हे सांगायला मात्र मला कुठलेही कलम पाठ करावे लागत नाही.

या विषयावर इथे बोलणे निघाले की कुणीतरी लगेच शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दलची अमेरिकेच्या संविधानाची दुसरी दुरुस्ती पुढे करतो. तो हक्क खरा आहे आणि मला तो मान्य आहे. १७९१ मध्ये संमत झालेल्या त्या दुरुस्तीचा अर्थ व्यक्तीचा शस्त्र बाळगण्याचा हक्क असा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात सांगितले आणि तो हक्क घराबाहेरही चालतो, हे २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात सांगितले. परंतु हे दोन्ही निकाल सरकारला उद्देशून आहेत. सरकारने नागरिकाकडून काय काढून घेऊ नये, याची ती मर्यादा आहे. मी सरकार नाही. माझ्या दुकानात कुणी राजकीय भाषण सुरू केले, तर मी त्याला थांबवू शकतो आणि त्याने त्याचे भाषणस्वातंत्र्य हिरावले जात नाही. शस्त्राच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे.

यावर मला एकदा असे ऐकवण्यात आले, की दुकानदाराला हवे त्याला बाहेर ठेवण्याचा हक्क आहे असे म्हणणारे लोकच पूर्वी कृष्णवर्णीयांना जेवणाच्या काउंटरवर बसू देत नव्हते. हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले आणि खानावळी यांसारख्या जागांत वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र यांच्या आधारावर गिऱ्हाइकाला नाकारण्यास बंदी केली. त्याच कायद्यामुळे माझे कुटुंब या देशातल्या कुठल्याही हॉटेलात मान वर करून बसू शकते आणि जागेच्या मालकांच्या हक्काला ती कात्री लागली याचे मला समाधानच आहे. पण माणसाचा वर्ण गाडीत ठेवून आत येता येत नाही, पिस्तूल ठेवून येता येते. मी त्या गृहस्थांना नाकारत नाही. त्यांच्याजवळची एक वस्तू नाकारतो आणि ते स्वतः आत आले तर मला आनंदच आहे.

तत्त्व इतके सरळ असूनही व्यवहार अवघड होतो, याचे कारण माझ्या मते ‘लपवलेले’ या एका शब्दात आहे. मालकाचा नकार हा त्याला दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असतो. उघडे पिस्तूल दिसले, तर मी पुढे होऊन विनंती करू शकतो. लपवलेल्या पिस्तुलाची माहिती केवळ ते बाळगणाऱ्याला असते. मी रोज शंभर लोकांना दारात अडवून विचारू शकत नाही आणि झडती तर मुळीच घेऊ शकत नाही. मोठमोठ्या कंपन्यांनाही यातून वाट काढता आलेली नाही. २०१३ मध्ये स्टारबक्सच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून गिऱ्हाइकांना शस्त्रे आणू नका असे म्हटले, पण ती बंदी नसून विनंती आहे हेही स्पष्ट केले. २०१९ च्या ३ ऑगस्टला आमच्याच राज्यात एल पासो शहरातल्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर महिन्याभराने वॉलमार्टने गिऱ्हाइकांना शस्त्र उघडपणे आणू नये अशी विनंती केली. परवान्यासह लपवून आणलेल्या शस्त्राबाबतचे धोरण मात्र तसेच ठेवले. जे दिसते त्याबद्दल बोलायचे आणि जे दिसत नाही ते मुकाट्याने आत येऊ द्यायचे, असेच तिथेही झाले.

दुसऱ्या बाजूची सर्वांत जड साक्षही टेक्सासचीच आहे आणि ती टाळून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९१ च्या १६ ऑक्टोबरला किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना गोळ्या घालून मारले. सुझाना हप तिथे आपल्या आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचे पिस्तूल बाहेर गाडीत होते, कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते पर्समध्ये ठेवून फिरणे गुन्हा होता. त्यांचे आई-वडील दोघेही त्या गोळीबारात गेले. पुढे त्यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या, १९९५ मध्ये टेक्सासने लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचा कायदा केला आणि त्या स्वतः राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या. पिस्तूल गाडीत ठेवून या, असे गिऱ्हाइकाला सांगताना मला किलीनची आठवण येते. ती यायलाच हवी. २०२२ च्या जुलैमध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये तीन जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराला एका बावीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने काही सेकंदांत गोळ्या घातल्या. त्या मॉलच्या नियमांत शस्त्रांना बंदी होती आणि त्या तरुणाने ती पाळली असती, तर बळींची संख्या वाढली असती, असे मानायला जागा आहे.

तरीही माझे मत बदलत नाही. २०२१ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडा शहरात एका नागरिकाने पोलिसाच्या मारेकऱ्याला आपल्या पिस्तुलाने टिपले, आणि त्या मारेकऱ्याची रायफल त्याच्या हातात पाहून, नंतर आलेल्या पोलिसाने त्या शूर माणसालाच गोळी घातली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला, आतले पिस्तूल सुटले आणि आई जागीच मेली. तिच्याकडे परवाना होता. ही घटना वाचल्यापासून आमच्या दुकानात ढकलगाडीच्या बैठकीत बसवलेले मूल आणि त्याच्या शेजारी ठेवलेली आईची पर्स दिसली, की माझे तिकडे लक्ष जाते. या चार घटनांची बेरीज-वजाबाकी करून शस्त्राने जीव वाचतात की जातात, हे मला ठरवता येणार नाही. पण माझ्या छपराखाली कोणता धोका पत्करायचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या हिशेबाहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर मला स्वच्छ दिसते: तो अधिकार जागेच्या मालकाचा आहे. ज्या दुकानदाराला सशस्त्र गिऱ्हाइकांमुळे सुरक्षित वाटते, त्याने त्यांचे खुशाल स्वागत करावे. त्याचा हक्क माझ्याइतकाच आहे.

मग कुणी कुणाला विचारायचे? टेक्सासमध्ये मालक गप्प राहिला, तर त्याचा होकार धरला जातो. ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कने २०२२ मध्ये आणि हवाईने २०२३ मध्ये हे उलटे केले. मालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर त्याच्या जागेत शस्त्र आणता येणार नाही, असा नियम त्यांनी केला. न्यूयॉर्कची तरतूद लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांपुरती एका संघीय अपील न्यायालयाने रोखली, हवाईची तरतूद दुसऱ्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये उचलून धरली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाईचे प्रकरण सुनावणीसाठी घेतले. या नियमाविरुद्धचा आक्षेप मला समजतो. दिवसभरात पेट्रोल पंप, औषधांचे दुकान आणि बँक अशा पाच-सहा जागी जाणाऱ्याने प्रत्येक दारात परवानगी मागायची म्हटले, तर परवाना असून नसल्यासारखाच होईल. पण मालकाच्या मौनाचा काहीतरी अर्थ कायदा लावणारच आहे. तो लावताना, ज्याला वस्तूची माहिती आहे त्याने विचारावे, हे मला जास्त न्याय्य वाटते, कारण ज्याला ती माहितीच नाही तो विचारणार तरी कसा? माझे हे मत न्यायालयांत टिकणार नसेल, तर निदान एवढे व्हावे, की दारावर साध्या भाषेत लिहिलेला स्पष्ट नकार, कुठल्याही शब्दांत असला, तरी पुरेसा मानला जावा. मालक काय म्हणतो ते गिऱ्हाइकाला समजले की झाले, त्यासाठी एक इंचाची अक्षरे कशाला?

ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो, तिची चर्चा फारशी होत नाही. विस्कॉन्सिनने २०११ मध्ये असे ठरवले, की जो मालक शस्त्रांना मनाई करत नाही, त्याच्यावर त्या निर्णयाबद्दल नुकसानभरपाईची जबाबदारी येणार नाही. टेनेसीने २०१६ मध्ये तसेच संरक्षण दिले. टेक्सासमध्येही २०१९ पासून, पाटी लावली नव्हती ही गोष्ट दुकानदाराविरुद्धच्या भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडता येत नाही. पाटी लावणाऱ्याला मात्र असे काहीच कवच नाही. निवड तुमची आहे असे सांगायचे आणि एका पारड्यात सरकारने आपले वजन टाकून ठेवायचे, याला निवड म्हणत नाहीत.

माझा हक्क कुठे संपतो, हे मला आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने समजावले. ती रात्री दहाला कुलूप लावून एकटी पंचवीस मैल गाडी चालवत घरी जाते आणि तिच्या गाडीत पिस्तूल असते. पाटीचे बोलणे चालू असताना तिने मला विचारले, “मग मी घरी कशी जाऊ?” नोकराने आपल्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवले, तर मालकाला हरकत घेता येत नाही, असा कायदा टेक्सासने २०११ मध्ये केला आहे. असे कायदे करण्यात ओक्लाहोमा पुढे होता. तिथल्या एका कागदगिरणीने २००२ मध्ये गाड्यांत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढले, त्यावरून २००४ मध्ये कायदा झाला, कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००९ मध्ये अपील न्यायालयात त्या हरल्या. पार्किंगची जागाही मालकाचीच, हा त्या कंपन्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु गाडीतल्या शस्त्राला मनाई म्हणजे माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर मनाई आणि तो रस्ता माझा नाही. ती गाडी तिची आहे. मी तिला तेवढेच सांगितले आणि पाट्या फक्त दुकानाच्या दारावर लागतील असे ठरले.

मार्चमध्ये पाट्या लागल्या. पुढच्या शनिवारी ते गृहस्थ आले, बाहेर उभे राहून त्यांनी सगळा मजकूर वाचला, गाडीकडे परत गेले आणि थोड्या वेळाने आत आले. सामान घेऊन झाल्यावर त्यांनी मला शांतपणे विचारले, की त्यांचे पिस्तूल गाडीत असताना इथे आत काही घडले, तर त्याची जबाबदारी माझी असेल का. कायद्यात तसे कुठे लिहिलेले नाही, असे मी त्यांना सांगू शकलो असतो. मी म्हणालो, “हो, मी ती माझीच मानतो.” त्यांनी मान हलवली आणि आपली पिशवी उचलली. ते पुन्हा येतील की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. त्यानंतरचे दोन शनिवार ते आले नाहीत, तिसऱ्या शनिवारी आले.