एकाच पत्त्याचे दोन मालक

मावसभावाचं सांगलीत सीएचं ऑफिस आहे. जुलै म्हणजे रिटर्नची लगीनघाई, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर गायब व्हायला लागला. कागद अडकलेला नाही, दिवा हिरवा, पण स्क्रीनवर 'ऑफलाइन'. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. दादानं नव्या प्रिंटरचं कोटेशनसुद्धा मागवलं. म्हटलं, "दोन दिवस थांब."

माझा संशय एआरपीवर होता, म्हणजे कुठला आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा हे शोधायच्या पद्धतीवर. १९२.१६८.१.४० (हा प्रिंटरचा आयपी पत्ता) कुणाचा, असं नेटवर्कवर ओरडून विचारायचं आणि ज्याचा असेल त्यानं आपल्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सांगायचा, असा हा १९८२ पासूनचा व्यवहार. ओळखपत्र कुणी मागत नाही. दोघं "माझा" म्हणाले की बहुतेक वेळा शेवटी बोललेला खरा ठरतो.

नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क लावून दिवसभर डोळे फोडायची तयारी नव्हती, म्हणून ऑफिसातल्या जुन्या लिनक्स मशीनवर पर्लची स्क्रिप्ट लिहिली. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडणारं नेट-पीकॅप मॉड्यूल बसवताना त्याला लागणाऱ्या लिबपीकॅप लायब्ररीच्या हेडर फाइलींनी रडवलं, ते असो.

पहिलंच पॅकेट उलगडलं तर हार्डवेअरचा प्रकार ६५५३५! इथरनेटसाठी तिथं १ हवा. अर्धा तास लायब्ररीला शिव्या घातल्या, चूक माझीच निघाली. अख्खी फ्रेम, म्हणजे बाहेरच्या वेष्टणासकट पॅकेट, मी पॅकेट उलगडणाऱ्या नेटपॅकेट लायब्ररीच्या एआरपी मॉड्यूलकडे दिली होती. फ्रेमच्या तोंडाशी १४ बाइटचं इथरनेट हेडर असतं आणि ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेममध्ये, त्याचे पहिले सहा बाइट एफएफ; त्यातले दोन वाचले की ६५५३५ येणारच. आधी इथरनेट मॉड्यूलनं साल काढायची, प्रकार ०८०६ (एआरपीची खूण) आहे ना बघायचं, मग आतला २८ बाइटचा गर एआरपीकडे द्यायचा.

मग पाठवणाऱ्याचा आयपी आला 'सी०ए८०१२८' असा. हे मॉड्यूल पत्ते हेक्सच्या, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांच्या, अक्षरांतच देतं. सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, ०१ म्हणजे १, २८ म्हणजे ४०. पर्लच्या पॅकनं त्याचे चार बाइट केले, अनपॅकनं चार आकडे, मध्ये टिंबं. एका ओळीचं काम, पण ती ओळ सुचेपर्यंत चहा गार झाला.

पुढचं सोपं: प्रत्येक आयपीसमोर मॅक हॅशमध्ये (पर्लच्या जोड्यांच्या यादीत) लिहून ठेवायचा, बदलला की बोंब मारायची. स्क्रिप्टनं लगेच बोंबा मारल्या, पण सगळ्या ०.०.०.० च्या नावानं. नवा पत्ता घेण्याआधी 'हा कुणी वापरतंय का' असं विचारणारी उपकरणं स्वतःचा आयपी शून्य ठेवतात. ते वगळले.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. एआरपीचं उत्तर थेट विचारणाऱ्याकडे जातं, त्यामुळे उपकरणं जोडणाऱ्या स्विचवर दुसऱ्यांची उत्तरं मला दिसतच नव्हती. प्रश्न मात्र सगळ्यांना ऐकू जातात, आणि त्यात विचारणाऱ्याचा आयपी आणि मॅक दोन्ही असतात. तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसला ४० क्रमांकासमोर दोन मॅक. एक प्रिंटरचा. दुसरा 'डीए'नं सुरू होणारा. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की तो मॅक कारखान्यातला नाही, उपकरणानं स्वतः बनवलेला. हल्लीचे मोबाइल वायफायवर तेच करतात. कंपनी शोधण्यात अर्थ नव्हता. राउटरच्या यादीत बघितलं, तर आर्टिकलशिप करणाऱ्या पोराचा फोन.

प्रिंटरचा पत्ता कुणीतरी हातानं घातलेला, आणि राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळे पत्ते वाटत होता. पोरगा साडेनऊला येई तेव्हा प्रिंटर बंद, म्हणून ४० मोकळा दिसे. अकराला कुणीतरी प्रिंटर चालू करी, आणि तो काही न विचारता आपल्या जुन्या जागेवर बसे. फोन झोपला की प्रिंटर दिसे, फोन जागा झाला की गायब.

राउटरची वाटणी १०० पासून पुढे नेली, दोन मिनिटांचं काम. दादानं कोटेशनचा कागद उलटा केला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर टेस्ट प्रिंट काढली.