हरलेल्याला काय द्यायचं?

रविवार, रात्री उशिरा

विल्यम गोल्डिंगचं 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' पुन्हा वाचायला घेतलं आणि या खेपेला पहिल्याच प्रकरणात अडकायला झालं. डुकराची शिकार, तोंडाला रंग फासणं, ते सगळं पुढचं. मला वाटतं, बिघडायचं ते तिथेच बिघडलं.

विमान कोसळून इंग्रज शाळकरी पोरं बेटावर अडकलेली, मोठं माणूस एकही नाही. राल्फ शंख फुंकून सगळ्यांना जमवतो आणि लगेच निवडणूक होते. तो निवडून का येतो? उंचापुरा, दिसायला छान, शांत बसलेला आणि शंख त्याच्या मांडीवर, म्हणून. डोकं चालतं ते पिगीचं. पण जाड्या, दमेकरी, चष्मिष्ट पोराला मत कोण देणार! आमच्या शाळेत वर्गमंत्री असेच निवडून यायचे.

जॅक हरतो. त्याचा चेहरा शरमेने लालभडक होतो आणि राल्फला ते बघवत नाही. चर्चमध्ये गाणारी ती काळ्या झग्यातली पोरं तो जॅकला देऊन टाकतो. तुझीच आहेत, त्यांनी काय व्हायचं ते तूच सांग. शिकारी, जॅक म्हणतो. झालं. निवडून आल्या आल्या राल्फने पहिलं काम काय केलं, तर आधीपासून जॅकच्याच हुकमात असलेली टोळी रीतसर त्याच्या हवाली केली. तीही निव्वळ त्याचं मन राखायला. दुष्टपणाने केलं असतं तर निदान पिगीने हटकलं तरी असतं.

त्या पिगीचंही तेच. शाळेत चिडवायचे ते नाव कोणाला सांगू नकोस, अशी गयावया त्याने केलेली. राल्फ ते सगळ्यांसमोर फोडतो, हशा पिकतो. त्याचं खरं नाव अख्ख्या कादंबरीत कोणी विचारत नाही. पुढे त्याला मारणारे वेगळे, पण त्याला किंमत द्यायची नाही, हे राल्फच्याच सभेत ठरून गेलं होतं.

मधला एक प्रसंग तर जसाच्या तसा कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसेल. राल्फ नको असेल त्यांनी हात वर करा, असं जॅक म्हणतो. एकही हात वर होत नाही. जॅक रडत निघून जातो, आणि मग मोठी पोरं एकेक करून गुपचूप त्याच्याकडे सटकतात. कथाकार जी. ए. कुलकर्णींना हे पुस्तक मराठीत आणावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही.

गोल्डिंग स्वतः शाळामास्तर, मधली काही वर्षं युद्धात नौदलात. पुस्तक १९५४ चं. शेवटी सोडवायला येतो तोही नौदलाचा अधिकारीच. इथला प्रमुख कोण, असं तो विचारतो. 'मी,' राल्फ मोठ्याने सांगतो. जॅक पुढे यायला निघतो आणि थबकतो. किती जण आहात, याचं उत्तर मात्र राल्फकडे नाही. चेहऱ्यावर जांभळा डाग असलेला लहानगा पहिल्याच वणव्यानंतर कोणाला दिसलेला नसतो. सगळ्यांची नावं लिहून घ्या, असं पिगी पहिल्या दिवसापासून म्हणत होता.